कागदावरचा हात, काचेवरचा हात

इलस्ट्रेशन शिकणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी इतकी आली की सदर त्यांनाच द्यावं लागलं. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रं थोडी छाटली आहेत.

प्रश्न : *मी इलस्ट्रेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कागदावर टाक आणि जलरंग वापरते, टॅबलेटवर प्रोक्रिएट हे ॲप. दोन्हीकडची चित्रं शेजारी ठेवली तर दोन वेगळ्या मुलींनी काढल्यासारखी दिसतात. सर म्हणतात, स्वतःची शैली हवी. कागद सोडून पूर्ण डिजिटलवर जाऊ का?*
— विद्यार्थिनी, फोंडा

कागद सोडू नका, टॅबलेटही सोडू नका. या दोन मुली नेमक्या कुठे वेगळ्या होतात ते आधी शोधा. कागदावरची पाच आणि टॅबलेटवरची पाच चित्रं निवडून सगळी कृष्णधवल करा, ए-फाइव्ह आकारात छापा आणि जमिनीवर पसरा. झेरॉक्सवाल्याकडचा साधा कागद चालेल. रंग गेला आणि आकार सारखा झाला की बाकीचं लपत नाही. आता प्रत्येक चित्राच्या कडेला पेन्सिलीने लिहा : बाह्यरेषा आहे की नाही, सर्वांत जाड आणि सर्वांत बारीक रेघेत किती पट फरक आहे, सावली रेघांनी केली की सपाट रंगाने, किती कागद कोरा राहिला, डोळ्यांची पातळी कुठे आहे, काय काय गाळलं.

बहुतेकांचा घोटाळा पहिल्यांदा रेघेच्या जाडीत सापडतो. टाकाची निब हलक्या हाताने केसासारखी आणि दाबली की मिलिमीटरभर रेघ देते. टॅबलेटवर मात्र ब्रशचा आकार डोळ्यांच्या अंदाजाने ठरतो, आणि तोही चित्र मोठं करून पाहताना. त्यापेक्षा हिशेब करा. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १ मिमी म्हणजे साधारण १२ पिक्सेल. म्हणजे ०.३ मिमीच्या पेनाची रेघ साडेतीन पिक्सेल, ०.५ ची सहा आणि ब्रशपेनाची २ मिमीची रेघ २४ पिक्सेल. फाइल ६०० डीपीआयची असेल तर सगळं दुप्पट. कागदावर तुम्ही जी दोन-तीन पेनं वापरता तेवढेच ब्रश या मापांनी बनवा, त्यांना पेनांचीच नावं द्या आणि बाकीचे दोनशे ब्रश महिनाभर उघडू नका.

झूमवरही मर्यादा हवी. ३०० टक्क्यांवर जाऊन काढलेली पापणी स्क्रीनवर देखणी दिसते, पण ती एक पिक्सेलची, म्हणजे छापल्यावर ०.०८ मिमीची असते आणि साध्या कागदावर दिसतच नाही. चित्र छापील आकारात जेवढं दिसेल तेवढंच ठेवून सत्तर-ऐंशी टक्के काम उरका, जवळ जायचं ते शेवटी.

रेघ गुळगुळीत करणारी सोय (प्रोक्रिएटमध्ये स्ट्रीमलाइन, इतरत्र स्टॅबिलायझर) शून्यावर आणा आणि लागेल तशी थोडी थोडी वाढवा. जास्त ठेवली की प्रत्येकाचं वळण एकाच साच्यातून निघाल्यासारखं होतं. कोपरे गोल होतात आणि टाकाची थांबून वळल्याची खूण पुसली जाते. काच निसरडी वाटत असेल तर खरखरीत स्क्रीनगार्ड लावा. टॅबलेटच्या पेन्सिलीचं टोक लवकर झिजेल, तो खर्च धरून चला. दाबाचा आलेखही बघून घ्या. तुमचा हात जड असेल तर मूळ सेटिंगवर सगळ्या रेघा जाडच येतात, आणि मग लोक उगाच ब्रश बदलत बसतात.

मोठा फरक याहून वेगळा आहे. समजा, बाल्कांवावर (घरापुढच्या ओसरीवर) बसलेली म्हातारी काढायची आहे, वर मांगोरी कौलांचं छप्पर. टाकाने दोनशे कौलं काढायची म्हणजे मनगट बोलायला लागतं. म्हणून तुम्ही छपराच्या कडेची दोन ओळी कौलं काढता, मध्ये कुठेतरी पाच-सहा सुचवता आणि बाकीचं कोरं सोडता. टॅबलेटवर एक कौल काढून दोनशे वेळा चिकटवता. तिथे मनगट काही बोलत नाही. झालं, चित्र बदललं! पहिल्या चित्रात नजर म्हातारीकडे जाते, दुसऱ्यात छपराकडे. काय काढायचं, काय सोडायचं ही निवड कागदावर हाताच्या थकव्याने करून दिली होती आणि तीच तुमची ओळख होती. टॅबलेटवर ती जाणूनबुजून करावी लागेल. कॉपी-पेस्ट बंद, आणि एका चित्राला चारच लेयर (एकावर एक ठेवलेले थर) : कच्चं, रेघ, सपाट रंग, सावली. अनडूवर बंदी घालायचं कारण नाही, पण तीच रेघ तिसऱ्यांदा मागे घ्यायची वेळ आली तर आकार चुकला आहे. कच्च्या चित्राकडे परत जा.

रंगांसाठी एक दुपार काढा. तुमच्या पेटीतले नेहमीचे सहा जलरंग घ्या, प्रत्येकाचा दाट, मध्यम आणि फिका असे तीन पट्टे रंगवा, आणि नेहमी करता ती चार-पाच मिश्रणंही त्यात घाला. पूर्ण वाळल्यावर स्कॅन करून त्यातून रंग उचला आणि तेवढीच पॅलेट टॅबलेटवर ठेवा. स्कॅनर फिके पट्टे अजून फिके करतो, कधी पांढरेच करून टाकतो. म्हणून कागद स्क्रीनशेजारी धरून डोळ्यांनी दुरुस्ती करा. डिजिटल चित्रं ‘वेगळ्या मुलीची’ वाटण्याचं एक कारण सावली असते. कागदावर सावलीत तुम्ही दुसरा रंग मिसळता, स्क्रीनवर त्याच रंगात काळं ओतता.

कागदाचा पोत म्हणून कोऱ्या कागदाचा स्कॅन सगळ्या चित्रावर मल्टिप्लाय करून (खालचं चित्र दिसत राहील असा मिसळून) पसरायची पद्धत आहे. ती टाळलेली बरी. खऱ्या कागदावर पोत दिसतो तो रंगाचे कण खळग्यांत बसतात तिथे, म्हणजे मध्यम छटांमध्ये. दाट काळ्यात तो जवळजवळ दिसत नाही आणि कोऱ्या जागेत तर अगदी अंधुक. सगळीकडे सारखा पोत आला की डोळ्यांना खोटेपणा लगेच कळतो. लावायचाच असेल तर रंगाच्या लेयरवर क्लिप करून (त्या रंगापुरताच दिसेल असा) २०-२५ टक्क्यांवर ठेवा.

टॅबलेटवरून कागदावर आणण्यासारखंही पुष्कळ आहे. लॅसोने (मोकळ्या हाताने निवड करायच्या साधनाने) आकार कापून रंग ओतायची सवय असेल तर तेच कागदावर ग्वाशने (अपारदर्शक जलरंगाने) करा, बाह्यरेषा न काढता. सहा आठवडे दर आठवड्याला एकच विषय दोन्हीकडे काढा. एका आठवड्यात कागद आधी, पुढच्यात टॅबलेट आधी. सहाव्या आठवड्यानंतर पुन्हा जमिनीवर पसरून बघा.

प्रश्न : *शाईचं चित्र स्कॅन करून रंग डिजिटल भरतो. पण पार्श्वभूमी करडी येते, पेन्सिलीच्या खुणा राहतात, आणि रंग भरल्यावर रेघेला पांढरी किनार दिसते.*
— द्वितीय वर्ष, डिचोली

तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या आहेत.

पेन्सिलीचा बंदोबस्त चित्र काढतानाच करायचा. कच्चं रेखाटन फिक्या निळ्या पेन्सिलीने, हलक्या हाताने करा आणि वर वॉटरप्रूफ काळी शाई चढवा. रंगीत मोडमध्ये स्कॅन करून चित्राच्या लाल, हिरव्या, निळ्या चॅनेलमधला फक्त निळा चॅनेल ठेवा. फिका निळा त्यात जवळजवळ पांढरा दिसतो, काळं काळंच राहतं. लाल चॅनेल ठेवलात तर उलट होईल, निळ्या रेघा ठळक दिसतील. फोटोशॉपमध्ये चॅनेल पॅनेलमधून आणि क्रिता या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘सेपरेट इमेज’ने हे होतं. पेन्सिल दाबून चालवली असेल किंवा शिसपेन्सिल वापरली असेल तर ही युक्ती चालत नाही. मग खोडरबर आलं, आणि ते शाई पूर्ण वाळल्यावरच. पावसाळ्यात जाड काळ्या भागाला तास-दोन तास द्या. घाई केली तर शाई फरफटते. शाई वाळलेली असली तरी खोडरबराने ती थोडी करडी पडतेच, म्हणून मोठे काळे भाग खोडून झाल्यावर भरा.

स्कॅन ६०० डीपीआयला करा. ए-फोर चित्र ४९६० × ७०१६ पिक्सेलचं होतं. स्कॅनरची ‘ऑटो’ दुरुस्ती बंद ठेवा. पातळ, स्वस्त स्कॅनरांत सीआयएस पद्धतीचा सेन्सर असतो. काचेपासून कागद जरासा उचलला गेला तरी तेवढा भाग धूसर येतो, म्हणून जलरंगाने वाकलेल्या कागदावर झाकणासोबत दोन जाड पुस्तकं ठेवा. ए-थ्री चित्र दोन भागांत स्कॅन करताना किमान पाच सेंटिमीटर भाग दोन्हीकडे येऊ द्या आणि कागद फिरवू नका, नुसता सरकवा. फिरवलात तर कागदाच्या खळग्यांवरचा उजेड उलट्या बाजूने पडतो आणि जोड लपत नाही.

करडी पार्श्वभूमी लेव्हल्सने (काळ्या-पांढऱ्याची हद्द ठरवणाऱ्या सोयीने) जाते. पांढरा ठोकळा डावीकडे आणत कागद नुकता पांढरा होईल तिथे थांबा, काळा ठोकळा थोडासाच उजवीकडे न्या. दोन्ही टोकं जवळ आणलीत तर रेघेच्या कडा करवतीसारख्या होतात.

आता किनार. ती येते कारण काळी रेघ अजून पांढऱ्या कागदाला चिकटलेली असते आणि रंग तिच्या कडेशी थांबतो. रेघ पांढऱ्यापासून सोडवा : क्रितात ‘कलर टू अल्फा’ फिल्टर पांढऱ्यासाठी, क्लिप स्टुडिओत ‘ब्राइटनेस टू ओपॅसिटी’. फोटोशॉपमध्ये कंट्रोल दाबून आरजीबी चॅनेलवर क्लिक, निवड उलटी, नव्या लेयरवर काळा रंग. प्रोक्रिएटमध्ये सरळ रेघेचा लेयर मल्टिप्लाय ठेवा. रंग रेघेखालच्या लेयरवर आणि रेघेच्या मध्यापर्यंत जाईल असा भरा. बादलीने भरत असाल तर निवड दोन-तीन पिक्सेल वाढवून घ्या.

प्रश्न : *मी काहीही काढलं की लोक म्हणतात, ‘मारियोसारखं!’ बाजार, फेरीबोट, पोदेर (पाववाला), विषय गोव्याचा घेतला की हात आपोआप तिकडेच वळतो. यातून सुटायचं कसं? आणि अशी चित्रं टी-शर्टवर विकली तर चालतील का?*
— हौशी चित्रकार, म्हापसा

विक्रीचं आधी. शैलीवर स्वामित्वहक्क नसतो, चित्रावर असतो. भारतात तो कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा २०११ च्या डिसेंबरात गेले, म्हणजे त्यांची चित्रं २०७१ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. त्यांचं एखादं पात्र किंवा प्रसंग उचलून टी-शर्टवर छापता येणार नाही, चार रेघा बदलल्या तरी नाही. ‘मारियो स्टाइल’ असं लिहून विकणं तर अडचणीला आमंत्रण.

सुटायचं तर त्यांनी काय ठरवलं होतं ते आधी नीट बघा. गर्दी, पण प्रत्येक माणूस वेगळा. प्रत्येक पृष्ठभागाला वेगळी नक्षी : फरशीला एक, झग्याला दुसरी, झाडाला तिसरी. सावलीला रेघांचं जाळं. कोरी जागा कमी. आता तुमचंच म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराचं चित्र घ्या आणि तीनदा काढा, दर वेळी एकच गोष्ट उलटी करून. एकदा बाह्यरेषेशिवाय, नुसत्या डागांनी. एकदा नजर जमिनीपासून एक मीटरवर आणून, म्हणजे पोराच्या उंचीवरून. तिथून टोपल्यांचे काठ, गुडघे आणि लोंबत्या पिशव्या दिसतात, चेहरे नाहीत. एकदा अर्धा कागद कोरा ठेवून. तिन्ही जमणार नाहीत. ज्यात हात सर्वांत जास्त अडखळेल तेच पुढे धरा. तिथे उसनी सवय मदतीला येत नाही.

दुसरं असं, की गोव्याचं चित्र म्हणजे मारियोच, हा समज सोडा. एकाच रंगाने काय काय होतं ते इथल्या भिंतींवर शिकता येतं. कावीकाम बघा : देवळाच्या भिंतीवर चुन्याचा पांढरा गिलावा, त्यावर तांबूस कावेचा थर, आणि तो ओला असतानाच खरवडून खालचा पांढरा उघडा केलेला. मधली छटा नाहीच, एकतर तांबडं नाहीतर पांढरं. खरवडलेलं परत भरता येत नाही, म्हणून आकार आधी ठरलेले असतात. आणि पणजीत इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनातलं निळ्या टाइलांचं काम बघा. तिथेही रंग एकच, पण सगळा खेळ मधल्या छटांचा, एकच निळा दाट-पातळ करून. दोन्ही दिवसभरात बघून होतील, वही मात्र बरोबर ठेवा.

कावीची पद्धत घरी करून बघायची तर २५०-३०० जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढ्या ग्रॅमचं) पांढरं कार्ड घ्या. त्यावर पांढरा ऑइल पेस्टल कागदाचा एकही कण दिसणार नाही इतका दाबून घासा. विटकरी पोस्टर कलरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब घाला, नाहीतर मेणावर रंग मण्यांसारखा गोळा होतो. दोन पातळ हात द्या, पहिला वाळल्यावर दुसरा. तासाभराने कंपासच्या टोकाने खरवडा. पांढरं नीट उघडत नसेल तर पेस्टल कमी पडलं आहे, रंगाने कागदच धरला. पोपडे उडत असतील तर रंग दाट झाला. टॅबलेटवर तेच करायचं तर पूर्ण लेयर विटकरी भरा, त्याला मास्क (लेयरचा भाग झाकणारा पडदा) लावा आणि मास्कवर कडक कडेच्या ब्रशने काम करा. ब्रशची पारदर्शकता दाबाशी जोडलेली असेल तर तोडा. मधली छटा आली की कावी गेली.

प्रश्न : *जुलैत ३०० जीएसएमच्या महागड्या कागदावर वॉश (पातळ रंगाचा हात) दिला तर जागोजागी गडद ठिपके उमटले. रंग खराब की कागद?*
— साखळी

कागद. चांगल्या जलरंग कागदात जिलेटिनसारखं साइझिंग असतं, त्यामुळे रंग वर थोडा वेळ थांबतो. पावसाळ्यात हवेतला दमटपणा ऐंशी-नव्वद टक्क्यांवर जातो, बुरशीला हे साइझिंग आवडतं, आणि जिथे तिने ते खाल्लं तिथे कागद टिपकागदासारखा रंग शोषतो. कोऱ्या कागदावर काही दिसत नाही. वॉश दिला की ठिपके दिसतात, आणि मग उपाय नसतो. म्हणून काम सुरू करण्याआधी कोपऱ्यात आणि मधोमध स्वच्छ पाण्याचा ब्रश फिरवून बघा. पाण्याची चकाकी काही सेकंद टिकली तर कागद ठीक. ठिपक्याठिपक्यांनी लगेच शोषलं तर तो कागद ग्वाशला, पेन्सिलीला किंवा पोत स्कॅन करायला ठेवा, फुकट जाणार नाही.

नवा कागद मे महिन्यातच, कोरड्या दिवशी, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात भरा, सोबत १०० ग्रॅम सिलिका जेल. नारंगी दाण्यांचं घ्या. ते हिरवट पडले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास तापवून पुन्हा वापरता येतात. ओल धरलेला कागद डब्यात बंद करणं हा सर्वांत वाईट प्रकार, आतच बुरशीची नर्सरी सुरू होते. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको. चित्रांमध्ये वर्तमानपत्र घालू नका, त्यातलं आम्ल कागद पिवळा करतं, शिवाय ते ओल धरतं. डांबराच्या गोळ्या किड्यांसाठी असतात, बुरशीला त्या जुमानत नाही.

वॉश वाळायला वेळ लागतो म्हणून दुसरा हात घाईने दिलात तर अर्धवट ओल्या रंगात पाणी घुसून फुलकोबीसारखी कड उमटते. हाताची पाठ कागदाला लावून बघा. गार लागला तर अजून ओला आहे.

प्रश्न : *मुलीला टॅबलेट घेऊन द्यायचा आहे. स्क्रीनवाला घ्यावा का? खर्च झेपेल असं सांगा.*
— पालक, काणकोण

घरात ८ जीबी रॅमचा लॅपटॉप असेल तर बिनस्क्रीनचा पेन टॅबलेट आणि क्रिता पुरे. क्रिता फुकट आहे. ए-थ्री आकाराचा ३०० डीपीआयचा एक पूर्ण लेयर साधारण ७० एमबी घेतो, म्हणजे वीस लेयरना दीड जीबीच्या आत-बाहेर. टॅबलेट अगदी छोटा घेऊ नका. सहा इंच रुंदीचा टॅबलेट पंधरा इंची स्क्रीनला जोडला की हात एक सेंटिमीटर हलतो आणि रेघ सव्वादोन सेंटिमीटर जाते, थरथर तेवढीच मोठी होते. दहा इंची घ्या. लावल्यावर पहिल्यांदा गोल काढायला सांगा. तो लांबट आला तर टॅबलेटच्या सेटिंगमध्ये स्क्रीनचं प्रमाण जुळवायचं राहिलं आहे. हात आणि नजर वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर ‘हा टॅबलेटच वाईट’ असं ती म्हणेल. ऐकू नका.

प्रश्न : *पोर्टफोलिओत चाळीस चित्रं आहेत. पाहणारे म्हणतात, हात चांगला आहे पण तुझं काय ते कळत नाही.*
— अंतिम वर्ष, पेडणे

चाळीसपैकी अठ्ठावीस काढून टाका. उरलेल्या बारांत किमान सहा एका विषयाची मालिका असू द्या. बारा सुटी चित्रं पाहून तुमचे निर्णय कळत नाहीत, तोच विषय सहा वेळा आला की कळतात.

विषय घरचाच घ्या. चवथीची माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळाफुलांची चौकट) बघा : नारळ, सुपारीचं शिपटं, तोरिंगां, चिबूड, आंबाडे, कवंडाळ. आकार, पोत, वजन सगळं वेगळं, आणि सगळं एकाच लाकडी चौकटीला टांगलेलं. पहिली दोन चित्रं समोर बसून पेन्सिलीने, ए-थ्रीवर, प्रत्येकी दोन तास. तिसरं शाईने. त्यात नियम असा, की फळाची बाह्यरेषा काढायची नाही, मागची सावली काळी करून फळ उठवायचं. चौथं तीन सपाट रंगांत, टॅबलेटवर, सरळ आठवणीतून. मूळ माटोळी न बघता काय आठवलं ते मोलाचं आहे, उरलं-सुरलं जाऊ द्या. पाचवं चौथ्यावरून ग्वाशने कागदावर. ग्वाश सुकल्यावर फिके रंग थोडे गडद होतात आणि गडद रंग फिके पडतात, म्हणून आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर पट्टा सुकवून बघा. सहावं शाईची रेघ स्कॅन करून, डिजिटल रंगाने. पोर्टफोलिओत या सहांशेजारी वहीचं एक कच्चं पान ठेवा. पाहणारे आधी तेच बघतात.

प्रश्न : *एका दिवाळी अंकासाठी मुखपृष्ठ आणि आतली चित्रं केली. स्क्रीनवर निळा झळझळीत होता, छापून जांभळट आला. काळ्या रेघांच्या कडेला लाल-निळी सावली आली. छापखाना म्हणतो, फाइल तशीच होती.*
— मडगाव

छापखान्याचं म्हणणं बहुधा खरं आहे. स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवते, छपाई शाईने. झळझळीत निळे, पोपटी, नारंगी रंग सीएमवायकेत (छपाईच्या सायन, मॅजेंटा, पिवळ्या, काळ्या शायांत) मावतच नाहीत. निळ्यात सायन आणि मॅजेंटा बरोबरीने आले की जांभळं होणारच. सायन १०० असेल तर मॅजेंटा ६५-७० च्या वर जाऊ देऊ नका. सुरुवातीपासून सॉफ्ट प्रूफ (छापील रंग स्क्रीनवर दाखवणारी सोय) चालू ठेवून रंगवा. फोटोशॉपमध्ये कंट्रोल-वाय, आणि क्रितातही ही सोय आहे. शेवटच्या रात्री रंग बदलत बसण्यापेक्षा हे सोपं.

रेघेची सावली वेगळी. आरजीबीतला (स्क्रीनच्या रंगांतला) काळा बदलून घेतला की तो चार शायांचा काळा होतो, आणि चार प्लेटांपैकी एक केसभर सरकली की कडेला रंग डोकावतो. रेघेचा लेयर फक्त काळ्या शाईत ठेवा, के १००, बाकी तिन्ही शून्य, आणि तो ओव्हरप्रिंट करायला (खालच्या रंगावरच छापायला) सांगा. मोठा काळा पट्टा मात्र नुसत्या के १०० ने करडा दिसतो, तिथे सायन ४० जोडा.

आतल्या पानांचा कागद बिनचकाकीचा असतो आणि शाई शोषून पसरवतो, मधल्या छटा गडद होतात. तिथली चित्रं स्क्रीनवर जरा फिकी वाटतील इतकी ठेवा. चारही शायांची बेरीज अशा कागदावर २६०-२८० टक्क्यांपुढे नको, चकचकीत कागदावर ३०० पर्यंत चालते. कडेपर्यंत जाणाऱ्या चित्राला चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापण्यासाठी बाहेर वाढवलेलं चित्र) द्या, आणि म्हातारीचं नाक कापायच्या रेघेपासून किमान ५ मिमी आत असू द्या.

घरच्या इंकजेटवरचा नमुना रंगांसाठी पुरावा धरू नका. चित्र सुरू करण्याआधी छापखान्याकडून त्याच कागदावरचे मागच्या अंकाचे दोन-चार छापील फॉर्म (न कापलेले ताव) मागून घ्या. त्यातला निळा, विटकरी आणि काळा पट्टा भिंगाने बघा. त्या मशीनवर त्या कागदाला काय झेपतं ते त्यावरून कळेल.